गळती

मी घरं तपासते.
पारा शून्याखाली उतरला की आमचा हंगाम.
पायरीवर बूट झटकते, कॅमेरा काढते, सांगते :
तासभर शेगडी नको, खिडकी उघडू नका,
भिंतींना ताप किती आहे ते बघायचंय.

आजचं घर लाउझित्समध्ये, खाणीच्या काठावर शेवटचं.
किटो आणि वोर्शा. दोघंही सत्तरीपार.
आपसात सोर्ब बोलतात, माझ्याशी जर्मन,
मांजराशी दोन्हींतलं आधी आठवेल ते.

समोर खड्डा.
इतका रुंद, की पलीकडचा काठ
काही दिवस असतो, काही दिवस नसतो.
त्यात वोर्शाचं माहेर होतं :
बावीस घरं, एक तळं, एक चर्च,
आणि दफनभूमी. ती मात्र आधी हलवली,
मेलेल्यांना ट्रकमधून नव्या पत्त्यावर.
खणणाऱ्या यंत्रावर किटो होता.
लग्नानंतर आठव्या वर्षी
त्यानं स्वतःची सासुरवाडी उपसली.
हे तो सांगत नाही. ती सांगते,
साखर किती, असं विचारावं तशा आवाजात.

"पगार चांगला होता," तो म्हणतो.
"आणि बर्लिनला दिवे लागत होते."
"आपले मात्र आठवड्याला जायचे," ती म्हणते.
दिव्याखालचा अंधार
मी इतक्या जवळून, त्याच्याच टेबलाशी बसून,
कधी पाहिला नव्हता.

वीजकेंद्र गेल्या वर्षी बंद झालं.
चाळीस वर्षं त्याची वाफ बघून
वोर्शा कपडे वाळत घालायची :
वाफ पूर्वेला, तर चादरी अंगणात;
घराकडे वळली, तर माळ्यावर.
बंद झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी
ती ओल्या बादलीशेजारी उभीच राहिली.
वारा होता.
कुठला, ते सांगणारं कुणी नव्हतं.

आता काठाकाठानं पवनचक्क्या.
"वाऱ्याकडे तोंड करतात, तेवढं कळतं," ती म्हणते.
"पण दिवसभर कुणी हात हलवत असल्यासारखं वाटतं.
ये म्हणतायत की जा, ते मात्र उमगत नाही."

मी कॅमेरा लावते.
पडद्यावर घर पेटलेलं :
चौकटी लालभडक, छप्पर पिवळं,
दाराखालून ऊब पाण्यासारखी वाहतेय.
"छतातून तुम्ही चांदण्यांना शेकताय,"
मी म्हणते. हा विनोद मी प्रत्येक घरी करते.
इथे कुणी हसलं नाही.

मग मी यादी वाचते.
छतात लाकडी तंतूंचा थर. तिहेरी काच.
बॉयलर काढून हीट पंप.
अनुदानाचा अर्ज, सही इथे आणि इथे.
"निम्मी गळती थांबेल," मी म्हणते.

किटो कप खाली ठेवतो.
"म्हणजे निम्मा कोळसा
मी नुसताच खणला?"

मी आकडे जाणते. उत्तर जाणत नाही.

"बावीसातली अकरा घरं," वोर्शा म्हणते.
बोटं मोडत नाही, सरळ म्हणते.
"माझं कुठल्या अकरात?"

"उगाळू नकोस," तो म्हणतो. "कोळसाच तो."
भिंतीला हात टेकून उठतो,
मांजराला घेऊन बाहेर जातो.

कॅमेरा चालूच होता.
भिंतीवर त्याचा पंजा उरला, केशरी,
पाच बोटं, मधलं जरा आखूड.
टोकांकडून विझत गेला.
वोर्शानं माझ्या खांद्यावरून पाहिलं
आणि विझून जाईपर्यंत काही बोलली नाही.

मग विचारलं,
"तिहेरी काचेतून वारा ऐकू येतो का?"
येत नाही. मी खरं तेच सांगितलं.
"मग बाहेर जावं लागेल," ती म्हणाली,
आणि गेली, बादली घेऊन.

पवनचक्क्यांकडे एकदा पाहिलं.
आधी एकच उशीचा अभ्रा टांगला,
आणि थांबली.